संगीत रंगभूमीवरील दोन पडझडी



गायकाच्या उत्कर्षाचा इतिहास लिहिणे फारसे अवघड नाही. पहिला प्रयोग केव्हा झाला, कोणत्या महाराजांनी आश्रय दिला, कोणते पदक मिळाले, हे सर्व कुठे ना कुठे नोंदलेले असते. पडतीच्या काळाकडे मात्र चरित्रकार पाठ फिरवतो आणि तो भाग आख्यायिकांच्या हवाली होतो. आख्यायिकेला एकच कारण पुरते. अमका मोहात पडला, तमक्याला कुणाची नजर लागली, आणि सोन्यासारखा माणूस धुळीस मिळाला! ऐकणारा हळहळतो आणि घरी जातो. कलावंत पडला म्हणजे नेमके काय झाले, आणि पडल्यावर काही जण उठले तर काहींना उठता का आले नाही, हा प्रश्न तसाच राहतो. आज आम्हांला त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही मराठी संगीत रंगभूमीवरील दोन थोर नावे घेणार आहोत: बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ मंगेशकर.

डोंगरकड्याच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशाला, असे कुणी विचारील. आपला हा कळमनुरी तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि मोठ्या नाटक मंडळ्यांचे हुकमी मुक्काम होते मुंबई, पुणे, बडोदे आणि वऱ्हाडातली शहरे. खेड्यापाड्यांत गंधर्वांचा सूर मुख्यतः पोहोचला तो तबकडीतून आणि नाट्यपदांच्या चाली उचलणाऱ्या भजनी मंडळांतून. परंतु याच जिल्ह्यात नामदेवांचे नरसी आहे, आणि नामदेवांच्या परंपरेतील भजनाची एक रीत आमच्या विषयाशी फार जवळची आहे. भजनात बुवांचा आवाज फाटला, कडवे आठवेना, तर भजन मोडत नाही. मागचे टाळकरी ओळ उचलून धरतात, पखवाजी ठेका सोडत नाही, आणि बुवा दोन आवर्तने दम घेऊन पुन्हा सुरात येतात. ही रीत ध्यानात ठेवून पुढचा इतिहास ऐकावा, अशी आमची विनंती आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ सालचा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी 'बालगंधर्व' म्हटले, आणि तेच नाव पुढे चालले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत महाराष्ट्रापुढे आले. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करण्याची तयारी असतानाही ते भामिनीच्या वेषात उभे राहिले. ही गोष्ट आपण त्यांच्या निष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात त्यांच्या पुढील आयुष्याचेही एक बीज आहे. प्रेक्षकांना 'मायबाप' म्हणणाऱ्या या माणसाला त्या मायबापांना 'नाही' म्हणणे कधीच जमले नाही.

१९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ साली 'स्वयंवर' आले आणि भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी मराठी नाट्यपदाला ख्यालाची श्रीमंती आली. १९१९ साली 'एकच प्याला' आले. भरजरी शालू नेसणाऱ्या या नटाने त्यात फाटक्या लुगड्यातील सिंधू उभी केली. साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा! अशी साथ त्या काळी मोठ्या दरबारांनाही हेवा वाटावा अशी होती.

या वैभवाचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नव्हते. टेंबे लवकरच बाहेर पडले, पुढे बोडसही गेले, आणि मंडळीची मालकी एकट्या बालगंधर्वांकडे आली. टेंबे-बोडस जाणे म्हणजे दोन भागीदार जाणे एवढाच अर्थ नव्हे. 'हे परवडणार नाही' असे बरोबरीच्या नात्याने मालकाला सांगू शकणारी दोन माणसे गेली. १९२० साली 'द्रौपदी'वर पाण्यासारखा पैसा खर्च झाला, आणि १९२१ च्या सुमारास लाखाच्या पुढे गेलेले कर्ज उघडे पडले. त्या काळच्या लाखाचे मोल आजच्या श्रोत्याला सांगावयास नको. ज्यांच्या नावावर थिएटरे भरत, ते बालगंधर्व देणेकऱ्यांच्या दारात उभे राहिले. हा त्यांच्या आयुष्यातला पहिला जाहीर अपघात.

यातून ते उठले. नादारी जाहीर करून मोकळे होण्याचा मार्ग त्यांना होता, तो त्यांनी नाकारला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले, आणि भामिनी बालगंधर्व. स्वतः कर्जात असताना त्यांनी हा प्रयोग राष्ट्रकार्याला दिला. पुढची सहासात वर्षे मंडळीच्या उत्पन्नातून कर्ज फिटत गेले. भास्करबुवा १९२२ साली गेले, तरी त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव मंडळीत होते. चाली नव्या येत होत्या, नट होते, साथीदार होते, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकांना दुसरीकडे जावेसे वाटत नव्हते. पैसा गेला होता, परंतु ज्या जमिनीवर पैसा पिकतो ती जमीन शाबूत होती. शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. एक साल बुडाले तर माणूस उसनवारी करून पुढच्या पेरणीला उभा राहतो. जमीनच खरडून गेली तर मात्र पाऊस कितीही चांगला पडो, त्याचा उपयोग होत नाही.

ही जमीन खरडून नेणारा पूर आला तो १४ मार्च १९३१ रोजी. त्या दिवशी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला. हा पूर केवळ आपल्याकडचा नव्हता. अमेरिकेत १९२७ साली बोलका चित्रपट आला आणि मूकपटाच्या खेळाला वाजवणारे हजारो वादक काही वर्षांत बेकार झाले. त्यांच्या हातात काही दोष शिरला नव्हता. ज्या जागी ते बसत ती जागाच नाहीशी झाली. महाराष्ट्रात १९३२ साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला, आणि त्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे, म्हणजे सुशिक्षित घराण्यातील एक स्त्री, पडद्यावर बोलू-गाऊ लागली. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच होते. गंधर्व मंडळीतून बाहेर पडलेल्या या भागीदाराने पूर ओळखून होडी बदलली होती. इकडे जो प्रेक्षक चार आण्यांत तारामती पाहून आला, त्याची स्त्रीभूमिकेकडे पाहण्याची नजर पूर्वीची राहिली नाही. पंचवीस वर्षे महाराष्ट्रातील स्त्रियांनी ज्यांच्याकडे पाहून लुगडे नेसावे, अंबाडा घालावा, त्यांच्या कलेखालची भूमी अशी हळूहळू सरकली.

बालगंधर्वांनीही होडी बदलण्याचा यत्न केला. १९३४ च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीचा कारभार आटोपला आणि 'प्रभात'शी भागीदारी झाली. १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'धर्मात्मा' आला. भूमिका कोणाची? तर आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या एकनाथ महाराजांची. चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. सरकारी परीक्षकांना त्यात गांधीजींची छाया दिसली, म्हणून ते बदलावे लागले. अस्पृश्यतेविरुद्ध स्पष्ट बोलणारा हा चांगला चित्रपट होता. परंतु प्रेक्षकांनी सत्तेचाळीसाव्या वर्षी दाढीमिशांतील बालगंधर्व पाहिले आणि ते बुचकळ्यात पडले. त्यांना रुक्मिणी हवी होती, सिंधू हवी होती. शिवाय रंगभूमीवर एक पद 'वन्स मोअर' घेत घेत पाऊण तास फुलवणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत गाणे संपवावयाचे होते, आणि तेही समोर दाद देणारा एकही मनुष्य नसताना! ठरलेल्या बेतातील हा एकच चित्रपट निघाला आणि भागीदारी संपली. १९३७ साली 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. आता पडद्यावर खऱ्या स्त्रियांना पाहण्याची सवय झालेल्या प्रेक्षकांनी तेही स्वीकारले नाही. पुरुष झाले म्हणून नापसंत, स्त्री झाले म्हणूनही नापसंत! निवाडा देणारे दोन्ही वेळा तेच मायबाप होते.

याच 'धर्मात्मा'ची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. त्याचे संगीत होते मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे. त्यांच्या आडनावात आपल्या मराठवाड्यातले फुलंब्री आहे. गंधर्व मंडळीतच वाढलेले कृष्णराव या चित्रपटापासून 'प्रभात'चे संगीतकार झाले, आणि 'अमरज्योती', 'माणूस', 'शेजारी' अशी त्यांची चढती कमान पुढे राहिली. एकच चित्रपट गुरुस्थानी असलेल्या नटाच्या वाटेवर भिंत झाला आणि त्याच्या सहकाऱ्याला दार झाला. गाण्यात एक मोठा आणि दुसरा लहान असा याचा अर्थ नाही. कृष्णरावांची विद्या त्यांच्या देहाच्या बाहेर काढता येण्यासारखी होती. चाल बांधून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत होती. बालगंधर्वांची विद्या त्यांच्या देहाशी, वेषाशी, त्या प्रकाशाशी आणि त्या तीनचारशे श्रोत्यांच्या श्वासाशी बांधलेली होती. ती गाठोड्यात बांधून दुसऱ्या घरी नेता येत नव्हती.

१९३८ च्या सुमारास गायिका-अभिनेत्री गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या मंडळीत आल्या. पुढची सगळी पडझड त्यांच्या नावावर टाकण्याची आपल्याकडे रूढी आहे. त्यांचा धर्म वेगळा, त्या बाईमाणूस, आणि त्यांनी बालगंधर्वांची गायकी उचललेली. दोष देण्यास एवढे पुरे झाले. घरच्या माणसांनी व जुन्या सहकाऱ्यांनी बोल लावला, तोही सर्वस्वी निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सालांचा क्रम पाहावा. कर्ज १९२१ चे, मंडळी थांबली १९३४ ला, 'धर्मात्मा' १९३५ चा, 'मीराबाई' १९३७ ची. मोडलेल्या घरात शेवटी आलेल्या माणसावर घर मोडल्याचा आळ घालणे सोपे असते. पुढे त्यांचा विवाह झाला, आणि बालगंधर्वांचे पाय लुळे पडल्यावर, बसल्या जागी भजने म्हणण्याचे दिवस आल्यावर, १९६४ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या त्यांच्याजवळ राहिल्या. इतिहासाने एवढे तरी नोंदवावयास हवे.

आता दीनानाथांकडे वळू. गोव्यातील मंगेशी येथे १९०० साली जन्मलेला हा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला आणि अठराव्या वर्षी चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळीचा मालक झाला. गडकऱ्यांचे 'भावबंधन', वीर वामनराव जोश्यांचे 'रणदुंदुभी', सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' ही नाटके या मंडळीने केली. बालगंधर्वांचा सूर संथ नदीसारखा, तर दीनानाथांची तान कड्यावरून उडी घेणाऱ्या पाण्यासारखी. त्या काळात बालगंधर्वांची नक्कल न करता स्वतःचे गाणे उभे करणे, हेच एक धाडस होते.

दुसऱ्या धाडसाने त्यांचा घात केला. बोलपटाच्या लाटेत बळवंत मंडळीने सांगलीस स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' तयार केला. नाटक मंडळीची सारी पुंजी त्यात घातली गेली. चित्रपट चालला नाही आणि मंडळी मोडली. येथेही पुढचा क्रम बोलका आहे. कोल्हटकर नट म्हणून इतर रंगमंचांवर उभे राहिले आणि पुढे त्यांनी 'बहुरूपी' हे आत्मचरित्र लिहिले. त्यास १९५८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटाचे दिग्दर्शन कोल्हटकरांबरोबर करणारे विश्राम बेडेकर 'रणांगण'कार म्हणून मराठी साहित्यात अमर झाले. एकाच बुडालेल्या जहाजातील तिघांपैकी दोघे किनाऱ्याला लागले, कारण त्यांच्या हाती दुसरी फळी होती. दीनानाथांजवळ गळा होता, आणि त्या गळ्याला उभे राहावयास स्वतःच्या मंडळीखेरीज घर नव्हते. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय एक्केचाळीस. मागे पाच मुले, थोरली लता अवघी बारा वर्षांची. तिने त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात काम करून घर सावरावयास सुरुवात केली. ज्या बोलपटाने बापाचा संसार बुडवला, त्याच बोलपटाच्या पार्श्वगायनात लेकीने पुढे साम्राज्य उभे केले. दैवाला दोष देण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की लताबाईंच्या गळ्यावर नाटक मंडळी पोसण्याचे, रंगमंच बांधण्याचे आणि सामान वाहण्याचे ओझे नव्हते.

पडून पुन्हा उठलेल्यांचे एक उदाहरण पाहिल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. हिराबाई बडोदेकरांनीही भावंडांसह नाट्यशाखा काढली होती. पुरुषांच्या बरोबरीने स्त्रियांना रंगमंचावर आणणारा तो प्रागतिक उपक्रम होता, आणि तोही तिसाच्या दशकाच्या आरंभी कर्ज मागे ठेवून बंद पडला. अपघात तोच, काळही तोच. परंतु हिराबाईंच्या पाठीशी किराणा घराण्याची तालीम होती. एक तंबोरा, एक तबला, एक पेटी घेऊन त्या मैफलीत बसल्या आणि गाऊन गाऊन त्यांनी कर्ज फेडले. नाटकाची वाट बंद झाली तेव्हा मैफलीची वाट त्यांना आधीच ठाऊक होती. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

संस्थेचेही असेच आहे. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली स्थापन केलेली ललितकलादर्श मंडळी १९२१ साली त्यांच्या अकाली मृत्यूने संपावयास हवी होती. ती बापूराव पेंढारकरांनी चालवली. १९३७ साली बापूराव गेले आणि ती थांबली, पण १९४२ साली त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती पुन्हा उभी केली. पुढे १९६० साली तिने 'पंडितराज जगन्नाथ' रंगभूमीवर आणले. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली संस्था पडूनही उठली. गंधर्व मंडळीत बालगंधर्वांच्या जागी दुसरा हात असूच शकत नव्हता. तिचे नावच ते होते.

या सर्वांतून आम्हांला जे दिसते ते असे. गायकाचा कायमचा शेवट चुकीने होत नाही. चुका हिराबाईंच्याही झाल्या आणि १९२१ साली बालगंधर्वांच्याही झाल्या. गायक संपतो तो चूक झाल्यावर ओळ उचलून धरणारे कोणी नसते तेव्हा: हिशेब विचारणारा भागीदार, दुसऱ्या वाटेची विद्या, व्यक्तीहून मोठी संस्था आणि धीर धरणारा श्रोता. बालगंधर्वांच्या पहिल्या पडण्यात यांपैकी तीन गोष्टी थोड्याबहुत होत्या. दुसऱ्या पडण्यात एकही उरली नव्हती. त्यांच्या गळ्यातला सूर मात्र अखेरपर्यंत खोटा झाला नाही, असे ऐकणारे सांगत. आणि तीच या कहाणीतील सर्वांत मोठी चटका लावणारी गोष्ट आहे.

यांतील पहिल्या तीन गोष्टी कलावंताने सांभाळावयाच्या. चौथी आपली आहे. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले, आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. दगडचुन्याचे घर अकरा महिने उशिरा आले. जिवंतपणी त्यांना हवे होते ते घर वेगळे होते: १९३५ साली दाढीतील एकनाथ पाहून बुचकळ्यात पडलेल्या मायबापांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येऊन ऐकण्याचे.

आपल्या भागात आजही शाहीर आहेत, भारूडकार आहेत, सनईवाले आहेत, रात्रभर गळा ताणणारे भजनी आहेत. यांतील कुणाचा एखादा कार्यक्रम पडतो, कुणाचा नवा प्रयोग फसतो, कुणी कर्जात जातो. त्या वर्षी त्याला पुन्हा सुपारी द्यावी. रंगमंदिरे सरकार बांधील. पुढच्या जत्रेचे आमंत्रण मात्र गावालाच द्यावे लागते. नामदेवांच्या मुलखातील टाळकऱ्यांना ओळ कशी उचलून धरावी हे शिकवण्याची गरज नाही. ती रीत भजनाच्या मंडपाबाहेरही पाळली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.